देवळात पाणी किती होतं, भाऊजी?

मोजलं ते मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी. आकडा तीन फूट दोन इंच. हजर तिघे: मी, बाळू गवंडी आणि तुम्ही.

दिनूभाऊजी, नळीचं एक टोक तुमच्याच हातात होतं. दोन भिंती एका पातळीत आहेत का हे बघायला गवंडी पाणी भरून जी पारदर्शक नळी लावतात, ती. आपल्या पडवीच्या भिंतीवर पुराची रेघ आहे. पुरानंतर मी माहेरून, कुडपणहून, परत आले तेव्हा चिखलाचा डाग अजून ओला होता. त्यावरच मी तेलरंगाने ती ओढून ठेवली होती. त्या रेघेची उंची आपण तीन टप्प्यांत सोमजाईच्या देवळापर्यंत नेली. शेवटच्या टप्प्याला तुम्ही सभामंडपाच्या खांबाशी उभे होतात. नळीतलं पाणी थरथरायचं थांबलं, बाळूने खडूने खूण केली, मी टेप लावला. फरशीपासून तीन फूट दोन इंच. फरशी पुरानंतरची आहे, म्हणजे जुन्या कोब्यापासून दीड इंच आणखी धरायला हवा.

तुम्ही आकडा वाचलात आणि खडूची खूण अंगठ्याने पुसून टाकलीत.

"वैनी, पाऊस लागायच्या आत सांगतो," म्हणालात.

"काय सांगणार?"

"सांगतो बोललो ना. आता चला, भूक लागलीय."

तुम्ही गेलात त्याला आज बेचाळीस दिवस झाले. पाऊस लागला. सांगायचं राहिलं ते मी तुमच्याशिवाय कसं जोडत आणलं, ते लिहिते आहे. चुकत असेल तर दुरुस्त करायला तुम्ही नाही, याची मला सवय झालेली नाही.

इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात आपल्या गावाचं पान तुम्ही सुरू केलंत. पोलादपूरला स्टँडजवळच्या तुमच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसे. दाखल्यांचे अर्ज भरून झाले की तुम्ही त्या पानावर एकेक ओळ घालायचात. वाड्या, विहिरी, शाळा, सावित्रीचा डोह. ते पान कोणीही बदलू शकतं, प्रत्येक बदल कोणी केला याची नोंद राहते, आणि छापील संदर्भ नसलेली ओळ टिकत नाही, हे सगळं मला तुम्हीच शिकवलंत. माझं नावही तुम्हीच ठेवलंत. मी बचतगटाचा हिशेब लिहिते, कपाट घ्यायच्या आधी जिना मोजते, म्हणून "मोजपट्टी". तुम्ही स्वतः "सावित्रीकाठ".

मग एका फाल्गुनात मी तुमची एक ओळ काढली. ओळ अशी होती: "मोठ्या पुरात पाणी सोमजाई मंदिराच्या पायरीला लागून परतलं." तिच्याखाली वर्तमानपत्राच्या बातमीचा संदर्भ होता. बातमीत तुमचा फोटो होता आणि तेच वाक्य तुमच्या तोंडी. मी ओळ काढून कारण लिहिलं, "आमच्या घराच्या रेघेशी जुळत नाही." तुम्ही ती परत घातलीत आणि लिहिलंत, "घरची रेघ हा संदर्भ नव्हे." मी पुन्हा काढली. तुम्ही पुन्हा घातलीत. तिसऱ्या दिवशी एका प्रचालकाने, म्हणजे ज्ञानकोशावर देखरेख करणाऱ्या सदस्याने, पानाला कुलूप लावलं. वाद मिटेपर्यंत दोघांनीही हात लावायचा नाही, जे काय असेल ते शेजारच्या चर्चा पानावर बोला. हे प्रचालक विदर्भातले कोणी आहेत, त्यांना आपण कधी पाहिलं नाही. आपण दीर-भावजय आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं.

चर्चा पानावर तुम्ही मला "सदस्य महोदया" म्हणायचात. "आपला मुद्दा आदरपूर्वक अमान्य." आणि त्याच रविवारी माझ्या हातचे घावणे खाताना आईंना सांगत होतात, "आये, तुझी सून देवीवर टेप लावायला निघालीय."

"लावू दे," आई म्हणाल्या. "देवी काय शिंपी नाय, दुसऱ्यानं टेप लावला म्हणून चिडायला."

तेव्हा सगळे हसलो. मी नंतर आठवून बघितलं. तुम्ही हसला नव्हतात. आईही नाही.

मी इतकी हटून का बसले होते, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. मला चूक सहन होत नाही असा तुमचा समज होता. तो खरा आहे, पण कारण तेवढंच नव्हतं. पंचायतीत पावसाळ्याआधी एक तक्ता लावतात, कुठल्या वाडीने पूर आला तर कुठे जायचं. त्यात खालच्या आळीच्या रकान्यात देऊळ लिहिलं होतं, माणसं एकशे चाळीस. ज्याने तक्ता केला त्याला मी विचारलं, देऊळ कसं? त्याने मोबाइल उघडून आपलंच पान दाखवलं. "इथं हाय ना वैनी, पाणी जात नाय. संदर्भ पण हाय."

त्या दिवसापासून मला भीती वाटायला लागली. ती अजून गेलेली नाही. देवळाला दार एकच, तेही नदीच्या अंगाला. जीर्णोद्धारात खिडक्यांना जाळ्या बसवल्या. मी भाजी चिरताना ते देऊळ बघायचे: दार पाण्याने आत लोटलेलं, जाळ्यांना धरलेली बोटं, आणि मी त्यात आपल्या आळीतले चेहरे मोजायचे. वरच्या टेकाडावरची शाळा देवळाहून चांगली अठ्ठावीस फूट उंच आहे. चालत सात मिनिटं, म्हातारं माणूस बरोबर असेल तर पंधरा. आणि लोक देवळात जाणार होते, तुमच्या एका वाक्यावर विसंबून.

तुम्हाला हे सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "पूर काय दरवर्षी येतो?" मी म्हटलं, "एकदा आला तरी पुरे." त्यानंतर तुम्ही मोजायला तयार झालात.

पण तुमच्याकडे छापील बातमी होती आणि माझ्याकडे नळी. प्रचालकांनी स्पष्ट लिहिलं, स्वतः केलेलं मोजमाप ज्ञानकोशात चालत नाही, ते आधी कुठेतरी प्रसिद्ध व्हायला हवं. नियम मला मान्य आहे. नियम नसता तर कोणीही काहीही लिहिलं असतं. पण खोटी गोष्ट आधी छापून आली म्हणून ती आत, आणि खरी गोष्ट भिंतीवर आहे म्हणून बाहेर, हे मला रात्रंदिवस खात होतं. मी शेवटचा अर्ज केला. प्रचालकांनी तुम्हाला सात दिवसांत उत्तर द्यायला सांगितलं. पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तुम्ही दुकानात कोणाच्या तरी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरत होतात. मान टेबलावर टेकलीत. समोरच्या माणसाला वाटलं, कीबोर्डवर काही शोधताय.

सातवा दिवस उजाडला तेव्हा घरात सुतक होतं. आठव्या दिवशी चर्चा पानावर आलं, "सावित्रीकाठ यांचं उत्तर नाही. मोजपट्टी यांचं म्हणणं मान्य करण्यास हरकत दिसत नाही."

म्हणजे मी जिंकले होते, भाऊजी. तुम्ही मेलात म्हणून.

मी लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी उघडला आणि प्रचालकांना कळवलं की हा सदस्य वारला आहे, तो माझा दीर होता, हे आधी सांगायला हवं होतं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं. वाईट वाटलं, आणि आता त्यांची बाजू कोण मांडेल?

मी मांडली. तुमच्या बाजूने सहा मुद्दे लिहिले. बातमी घटनेनंतर दोनच दिवसांनी छापलेली आहे. सांगणारा माणूस त्या दिवशी देवळात हजर होता. मोजपट्टी हजर नव्हती, ती कुडपणला होती. रेघ ओढणारी आणि आकडा सांगणारी व्यक्ती एकच आहे. नळीचे तीन टप्पे, प्रत्येकात अर्धा इंच चूक धरता येते. आणि देवळात आसऱ्याला गेलेली सगळी माणसं जिवंत परतली. तुम्ही स्वतः इतकं नीट कधी मांडलं नव्हतं. लिहिताना मला तुमचा आवाज ऐकू येत होता, आणि तुमची बाजू पक्की होती. निकाल असा लागला की ओळ राहील, पण "एका स्थानिक वृत्तपत्रानुसार" असे शब्द आधी येतील आणि पुढे "दुजोरा हवा" अशी खूण लागेल. ज्ञानकोशापुरता वाद मिटला. तक्त्यात देऊळ तसंच राहिलं. मी पंचायतीत अर्ज दिला, तर पावसाळ्यानंतर बघू म्हणाले.

तेराव्यानंतर गुरवमामांकडे गेले. देवीचा दिवा त्यांच्याकडे, पुराच्या दिवशी देवळात तेही होते. मी सरळ विचारलं, "मामा, त्या दिवशी पाणी आत आलं होतं ना?"

"मी काय बोलू नाय शकत, वैनी."

"का?"

ते वाती वळत राहिले. मग म्हणाले, "दिनू माझ्याकडं तीनदा आला, एवढं सांगतो. तुमी तो नळीचा उद्योग केलाव त्याच्या दुसऱ्या दिवशीपासनं. एकोणीस जणांची शप्पत हाय, देवीच्या अंगावर हात ठेवून. सुटायची तर सगळ्यांनी हो बोलायला पायजे. त्यानं अठराच्या अठरा जणांना इचारलंन. मुंबईवाल्यांना फोन केलेन. सोळा जण हो बोलले. दोघं नाय बोललो. एक मी."

"आणि दुसरं कोण?"

"ते तुमच्या घरात हाय."

शपथ कशाची ते मामांनी सांगितलं नाही. मला ते विचारावं लागलंही नाही. गाभाऱ्यात गुरवाशिवाय कोणी पाय ठेवत नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. देवीचा चौथरा अडीच फूट उंच. मंडपात पाणी तीन फूट दोन इंच. म्हणजे चौथऱ्यावर उभ्या माणसाच्या नडग्यांपर्यंत, आठ इंच. चौथरा सहा बाय पाच. तीस चौरस फुटांत देवी आणि एकोणीस माणसं. त्यात बाया होत्या, म्हाताऱ्या होत्या. कोणाचा हात देवीच्या खांद्यावर, कोणाची पाठ तिच्या तोंडाला. पाणी उतरायला लागल्यावर त्याच पाण्याबरोबर तुम्ही गाळ बाहेर ढकललात. ते सगळेच करतात, नाहीतर पाणी गेल्यावर गाळाचा दगड होतो. पण मग ऐन श्रावणात भिंतीला चुना काढलात. श्रावणात चुना वाळतो का हो? हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

आणि मला राग आला. अजून आहे. शाळेची वाट त्या सकाळी मोकळी होती. आईंना चढवणार नाही म्हणून तुम्ही "देवळात चला, पाणी तिथवर येत नाय" म्हणालात, आणि सतरा माणसं तुमच्या मागे आली. ते ओझं तुम्ही पायरीच्या वाक्याखाली झाकलंत. आणि तरीही माझी सासू आज जिवंत आहे ती तुम्ही तिला चौथऱ्यावर उचलून ठेवलीत म्हणून. या दोन्ही गोष्टी मी एकाच पानावर लिहिते. एकीने दुसरी वजा होत नाही.

मला माहीत नव्हतं की तुम्ही घरोघर फिरत होतात. चर्चा पानावर मला अमान्य करत होतात आणि गावात माझ्यासाठी सहमती गोळा करत होतात. हे मला एकदा सांगितलं असतंत तर.

आईंशी बोलायला मी चार दिवस लावले. त्या तांदूळ निवडत होत्या.

"मी त्याला बोललेली, इचारत फिरू नको," त्या म्हणाल्या. "ती ऐकते. तोंडातनं काढलंन पण नाय, नुस्तं इचारलंन, तर घेऊन गेली."

"आई, त्यांचं हृदय…"

"तू नको शिकवू. दोन होते मला. आता एक ऱ्हायलाय." सुपातला खडा काढून त्यांनी बाहेर टाकला. "तुज्या त्या मशिनीत काय लिवू नको. तुज्या पाया पडते."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही असं मी लिहू शकते. पण त्या संध्याकाळी हे महाडच्या कारखान्यातून परत येईपर्यंत मी दारात उभी होते. वीस मिनिटं उशीर झाला होता. त्या वीस मिनिटांत मी देवीला कबूल केलं की काही लिहिणार नाही. आणि हे गाडीवरून उतरल्याबरोबर मला ती एकशे चाळीस माणसं आठवली. एका बाजूला माझा नवरा, दुसऱ्या बाजूला आळी. तुम्हीही असेच उभे होतात का, ते तीन आठवडे? टेबलावर मान टेकलीत त्याला माझी नळी कारण झाली का? हे मोजायला माझ्याकडे काही नाही.

आषाढातल्या त्या दिवशी सकाळपासून मोबाइलवर लाल इशारे येत होते. कशेडी घाटात दरड आली होती. दुपारी दोनला सावित्रीचं पाणी शेतांतून आळीकडे यायला लागलं. हे महाडला अडकले होते, फोन लागत नव्हता. तक्त्याप्रमाणे लोक वळकट्या घेऊन देवळाकडे निघाले. मी पावसात रस्त्यावर उभी राहून ओरडले, "देवळात जाऊ नका, शाळेत चला! मी मोजलंय, पाणी आत येतं!"

"मोजपट्टे, घरी बस," कोणीतरी म्हणालं. "देवी राखते. छापून आलंय." दोघेचौघे हसलेही. चालायचं कोणी थांबलं नाही. मंडपात पन्नासेक माणसं बसलीसुद्धा होती, मुलं खांबाभोवती पकडापकडी खेळत होती.

तेव्हा आई आल्या. भिंत धरत, अनवाणी, डोक्यावर खताची रिकामी पिशवी. मंडपातून सरळ गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या. हातात आपली भाकऱ्यांची टोपली होती.

"नाना, रूपं काढ," त्या गुरवमामांना म्हणाल्या. रूपं म्हणजे देवीचा चांदीचा मुखवटा.

"काकी, स्थान सोडून? पालखी नाय, ढोल नाय…"

"काढ बोलते ना. ह्या टोपलीत घाल. तिला वर ने, साळंत."

मामा त्यांच्याकडे बघत राहिले. दोघांनी एकमेकांना काय विचारलं आणि काय सांगितलं ते मंडपात कोणाला कळलं नाही. मला कळलं. मग मामांनी मुखवटा उतरवला, लाल खणात गुंडाळला, टोपलीत ठेवला आणि डोक्यावर घेऊन पावसात बाहेर पडले. आई त्यांच्या मागे. देवळात देवीच नाही तर तिथे कोण बसणार? माणसं उठली. पाच मिनिटांत मंडप रिकामा झाला. आईंना दोन जणांनी खुर्चीत घालून चढवलं. शाळेत पोचल्यावर मी मोजले, एकशे बारा. उरलेले आधीच नातेवाइकांकडे गेले होते. दोनदा मोजले.

आता जे झालं ते तुम्हाला हसवेल. त्या दिवशी पाणी देवळाच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आलं आणि परत गेलं. खरोखर गेलं, मी शाळेच्या ओसरीवरून बघितलं. आत थेंब नाही. संध्याकाळी हे घरी पोचले, चिखलात माखलेले, धडधाकट. आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईहून कोणीतरी पानावर ओळ घातली, "यंदाही पाणी पायरीला लागून परतलं." मी ती काढलेली नाही. खरी आहे. पण ती वाचली की भीती परत येते, कारण पुढच्या वेळी कोणी टोपली आणली नाही तर लोक हीच ओळ वाचून आत जाऊन बसतील. पाऊस जोरात लागला की मी अजूनही छत्री घेऊन पायऱ्या बघायला जाते. काल दोनदा गेले.

देवीला तिसऱ्या दिवशी परत आणलं. गावकी बसली. स्थान न विचारता हलवलं म्हणून दंड ठरला, गुरवमामांचा एक नारळ, आईंचा एक. बस, एवढाच. मामांनी आपला नारळ पायरीवर ठेवला. मग आळीतला सुतार उठला, त्याला कोणी दंड लावला नव्हता, त्यानेही एक ठेवला. त्याच्यामागून त्याची बायको. मग वरच्या वाडीत राहायला गेलेली एक विधवा. मुंबईला राहणाऱ्या दोघांचे नारळ त्यांच्या भावांनी आणले होते. कोणी कोणाकडे बघितलं नाही. गावकीचे म्हातारे आधी गोंधळले, मग एकेकाने मान खाली घातली. मी मोजत होते. सतरा झाले.

शेवटी आई उठल्या. त्यांच्या ओटीत दोन होते. एक ठेवताना म्हणाल्या, "हा माझा." दुसरा बराच वेळ हातातच होता. मग तोही ठेवला आणि म्हणाल्या, "हा दिनूचा."

देवीला भरले ते एकूण एकोणीस नारळ.